नगरसचिव: सभेत काय ठरलं हे लिहिणारा माणूस नेमका कुणाचा?

मैदानवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

महापौर, आयुक्त, नगरसेवक यांच्यावर इथे भरपूर चर्चा होते. आज मला वेगळ्याच माणसाबद्दल विचारायचं आहे. सभागृहात महापौरांच्या आसनाजवळ बसून जो विषय वाचून दाखवतो, तो नगरसचिव.

कारण असं. आमच्या प्रभागात महापालिकेचं एक समाजमंदिर आहे. सकाळी तिथे योगवर्ग असतो, दुपारी बचत गटाच्या बायका असतात, संध्याकाळी मुलांची अभ्यासिका. मागच्या सर्वसाधारण सभेत त्याच्या दुरुस्तीचा विषय होता, म्हणून आम्ही काही जणी प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. विषय पुकारला, खालून 'मंजूर, मंजूर' असा आवाज आला आणि पुढचा विषय सुरू झाला. आम्ही समाधानाने घरी आलो.

थोड्याच दिवसांत कळलं की त्याच ठरावाने समाजमंदिर एका संस्थेला दीर्घ मुदतीने चालवायला दिलंय. क्षेत्रीय कार्यालयात विचारलं तर म्हणाले, 'उपसूचनेसह (म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेल्या बदलासह) मंजूर झालंय, नगरसचिवांकडे विचारा.' नगरसचिव कार्यालयात गेलो तर ठराव महापौरांच्या सहीला गेल्याचं सांगण्यात आलं. उपसूचना कुणी दिली, कधी दिली, वाचली गेली का, यावर उत्तर नाही. आम्ही तर गॅलरीत होतो, आणि असं काही वाचल्याचं आमच्यापैकी एकीनेही ऐकलेलं नाही.

मुद्दाम शहराचं नाव लिहीत नाही. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा अधिकारी कुणाच्या हाताखाली असतो? सभेत काय झालं याची खरी नोंद कुठे असते? आणि ती मला, म्हणजे साध्या नागरिकाला, बघता येते का?

---

चिंचेचं_झाड

वाचतोय. आमच्याकडेही एका उद्यानाबाबत असंच ऐकलंय. जाणकारांनी सविस्तर लिहा.

---

जुना_वृत्तलेखक

ताई, मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात वृत्तलेखक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. जे पाहिलं आणि केलं तेवढंच लिहितो.

आधी विषय सभेपुढे येतो कसा ते पाहू. खात्याने प्रस्ताव तयार केला की तो आयुक्तांकडे जातो. त्यांची सही झाली की आम्ही त्याला डॉकेट म्हणतो. डॉकेट नगरसचिव कार्यालयात आलं की आवक क्रमांक पडतो आणि छाननी होते. कायद्याचं कोणतं कलम लावलंय, खर्चाला अंदाजपत्रकात तरतूद कुठल्या शीर्षाखाली आहे, जोडपत्रं पूर्ण आहेत का, आणि मुख्य म्हणजे हा विषय स्थायी समितीच्या अधिकारातला की सर्वसाधारण सभेच्या. यातलं काही चुकलं तर डॉकेट खात्याकडे परत. बाहेरच्यांना ही कारकुनी वाटते, पण निम्मी भांडणं इथेच टळतात. अपुरं डॉकेट 'वरून सांगितलंय' म्हणून पुढे सरकवलं की पुढे कोर्टात तेच पान उघडलं जातं.

मग विषयपत्रिका. सर्वसाधारण सभेची नोटीस साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही. आमच्या काळात शिपाई सायकलवर विषयपत्रिकांचे गठ्ठे घेऊन नगरसेवकांच्या घरी जायचा आणि पोचवहीवर सही आणायचा. घर बंद असेल तर दारावर लावायची, शेजाऱ्याची सही घ्यायची, वेळ लिहायची. सभा बेकायदा ठरवा म्हणून कुणी कोर्टात गेलं की सगळ्यात आधी ती पोचवही मागवली जायची.

सभेत महापौरांच्या आसनाखाली आमचं टेबल. दोघे वृत्तलेखक आळीपाळीने लघुलिपीत शब्दन् शब्द उतरवायचे. गोंधळ सुरू झाला की एक जण बोलणं लिहायचा आणि दुसरा मान वर करून कोण बोलतंय त्यांची नावं टिपायचा. आता ध्वनिमुद्रण होतं, पण दहा जण एकदम बोलत असतील तर मुद्रणावरून आवाज ओळखता येत नाही, त्यामुळे नावं टिपणारा माणूस आजही लागतो.

आता तुमच्या उपसूचनेबद्दल. उपसूचना लेखी असते. तिच्यावर सूचकाची आणि अनुमोदकाची सही लागते, ती सभा चालू असताना, विषय मताला टाकण्याआधी मंचावर द्यायची असते आणि सभागृहाला वाचून दाखवायची असते. नाहीतर सभासदांनी मत कशावर दिलं? आमचे एक नगरसचिव होते. उपसूचनेचा कागद हातात आला की ते आधी घड्याळ बघायचे, कोपऱ्यात वेळ टाकून लहानशी सही करायचे आणि मगच तो वाचायला घ्यायचे. सभा संपल्यावर कुणी कागद घेऊन आलं तर उभं राहून सांगायचे, 'साहेब, सभा संपली.' त्यांच्यावर दबाव आला नाही असं नाही. पण त्या कोपऱ्यातल्या वेळेमुळे त्यांच्या कारकिर्दीत मागाहून कागद घुसवणं कुणाला जमलं नाही.

तेव्हा तुम्ही ठरावाची प्रत मागू नका, किंवा नुसती तेवढीच मागू नका. मूळ उपसूचनेचा कागद, त्या विषयापुरतं शब्दशः इतिवृत्त आणि ध्वनिमुद्रण, तिन्ही मागा.

---

रोखठोक

काका, तुम्ही सांगितलेले नगरसचिव अपवाद असतील. मी माझ्या शहरात बघतो ते असं, की नगरसचिव महापौरांच्या तोंडाकडे बघून लिहितो आणि आयुक्तांच्या तोंडाकडे बघून फाइल हलवतो. त्याची बढती, बदली, गोपनीय अहवाल जर त्यांच्याच हातात असेल तर तो खरं का लिहील? माझा राग माणसावर नाही, व्यवस्थेवर आहे. कायद्यात त्याला संरक्षण आहे का, एवढं कुणीतरी सांगा.

---

कलमवाली

वकिली करते, महापालिकांची प्रकरणं बरीच हाताळली आहेत. रोखठोक यांच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे या पदाला महानगरपालिका चिटणीस म्हणतात. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर आणि राज्यातल्या इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. या कायद्यानुसार आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसचिव मात्र महापालिका नेमते, म्हणजे निवडून आलेली सभा. मुख्य लेखापरीक्षकाचंही तसंच. पुढचा बारकावा बघा. या दोघांच्या लगतच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचा अधिकारही आयुक्तांना नाही, तो स्थायी समितीला आहे. का? कारण एक जण सभेने काय ठरवलं ते लिहितो आणि दुसरा प्रशासनाने पैसे कसे खर्च केले ते तपासतो. ज्याच्या कारभाराची नोंद ठेवायची किंवा तपासणी करायची, त्याच्याच हाताखाली या दोघांना ठेवायचं नाही, हे कायदा करणाऱ्यांनी पुरतं ओळखलं होतं.

नगरसचिव हा सर्वसाधारण सभेचा सचिव आणि स्थायी समितीचाही. सभांच्या कामकाजाचे सगळे कागद त्याच्या ताब्यात असतात, आयुक्तांच्या नाही. महापौरपदाचे उमेदवारी अर्जही त्याच्याच कार्यालयात दाखल होतात.

आता व्यवहार. बऱ्याच ठिकाणी हे पद पूर्णवेळ भरलेलंच नसतं. प्रशासनातल्या एखाद्या अधिकाऱ्याकडे प्रभारी म्हणून देतात, आणि तो मूळचा आयुक्तांच्या आस्थापनेवरचा. त्याला उद्या परत त्याच खात्यात जायचं असतं. कायद्याने उभी केलेली भिंत अशा प्रभारी आदेशाने पाडली जाते. रोखठोक, तुमच्या शहरात नगरसचिव कायम आहे की प्रभारी, हे आधी बघा. मला वाटतं तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे सापडेल.

---

पालिका_बीट

बरीच वर्षं महापालिकेच्या बातम्या केल्या आहेत. कलमवाली यांनी लिहिलेल्यात एक भर घालतो, कारण प्रशासक राजवटीचा काळ विसरून चालणार नाही.

नवी मुंबई, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) यांसारख्या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. मुंबई, पुण्यासकट बाकी बऱ्याच ठिकाणी २०२२ मध्ये. मग निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये. एवढा काळ आयुक्त हेच प्रशासक. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्याच सहीने तो मंजूर करायचा. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायीचेही त्यांच्याकडे. प्रश्न विचारणारं समोर कुणी नाही.

त्या काळात नगरसचिव कार्यालयात गेलं की वाईट वाटायचं. सभागृहाला कुलूप, पण ठरावांची नोंदवही चालू. पूर्वी विषयपत्रिका आली की आम्ही पत्रकार ती चाळायचो, नगरसेवक चाळायचे, विरोधी पक्षनेता त्यावर खुणा करायचा. सात दिवसांत चार फोन यायचे आणि एखादा वादग्रस्त विषय सभेआधीच मागे घेतला जायचा. प्रशासकाच्या बैठकीची विषयपत्रिका हाती येईपर्यंत अनेकदा निर्णय होऊन गेलेला असायचा. काही महापालिकांनी ते ठराव संकेतस्थळावर नियमित टाकले, काहींनी कुणी मागितल्याशिवाय दाखवले नाहीत. हा फरक बहुतेक वेळा त्या कार्यालयातल्या माणसांमुळे पडला, हे मी जवळून पाहिलंय.

आता सभागृहं भरली आहेत. पण नगरसेवकांमध्ये पहिल्यांदाच निवडून आलेले पुष्कळ आहेत आणि मधल्या काळात त्या कार्यालयांतली जुनी माणसं निवृत्त झाली. उपसूचना कशी द्यायची, तहकुबी कशी मांडायची, लेखी प्रश्न किती आधी द्यायचा हे शिकवणारं कुणी उरलेलं नाही. नगरसचिवाच्या कामाचा हाही भाग होता. नवखा नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो, त्याला कामकाजाचे नियम समजावून सांगायचे.

---

जुना_वृत्तलेखक

बीट साहेब, अगदी खरं. नवीन सभा आली की आम्ही पहिल्या महिन्यात नियमांची पुस्तिका वाटायचो. एक गोष्ट प्रत्येकाला बजावून सांगायचो: हजेरीपत्रकावर सही करा. सलग तीन महिने सभांना परवानगीशिवाय गैरहजर राहिलं तर नगरसेवकपद जाऊ शकतं, आणि तेव्हा पुरावा म्हणून आमचंच हजेरीपत्रक बघितलं जातं. सभेला येऊन सही न करता चहाला गेलेले लोक नंतर गयावया करत यायचे. सही मागाहून घेतली जायची नाही. आज एकाला ही मुभा दिली तर उद्या ठरावालाही द्यावी लागते.

---

बेलापूर_ते_जर्सी

मी न्यू जर्सीत एका टाउनशिपच्या क्लार्कच्या कार्यालयात काम करते. हा धागा वाचून राहवलं नाही. इथलं चित्र सांगते.

इथे प्रत्येक गावाला म्युनिसिपल क्लार्क असायलाच हवा, असा राज्याचा कायदा आहे. लहानसं बरो (छोटं गाव) असो की मोठं शहर. सभेची सूचना, कार्यवृत्त, ठराव, स्थानिक कायद्यांची पुस्तकं, गावाचा शिक्का, सगळं त्याच्या ताब्यात. नव्या पदाधिकाऱ्यांना तो शपथ देतो. निविदा उघडताना हजर असतो. गावाच्या निवडणुकीचे उमेदवारी अर्ज घेतो. कुत्र्याच्या परवान्यापासून सोडतीच्या परवान्यापर्यंत लोक आमच्याच खिडकीत येतात, त्यामुळे गावातल्या बहुतेक माणसांचा सरकारशी पहिला संबंध आमच्याशी येतो. अमेरिकेत सगळीकडे सारखं नाही. शिकागोत सिटी क्लार्क लोक निवडून देतात आणि गाड्यांवर लावायचा शहराचा स्टिकर त्याच्याच कार्यालयातून मिळतो. न्यूयॉर्क शहरात लग्नाचा परवाना काढायला सिटी क्लार्ककडे जावं लागतं.

रोखठोक यांनी संरक्षणाचं विचारलं होतं. न्यू जर्सीत क्लार्कची पहिली नेमणूक तीन वर्षांची असते. राज्याचं प्रमाणपत्र हवं, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. तीन वर्षांनी पुन्हा नेमणूक झाली की पद पक्कं. त्यानंतर योग्य कारण दाखवल्याशिवाय आणि सुनावणी घेतल्याशिवाय मेयर काय, अख्खी कौन्सिलसुद्धा त्याला काढू शकत नाही. या एका तरतुदीमुळे आमच्या साहेबबाई कौन्सिलच्या बैठकीत शांतपणे म्हणू शकतात, 'हा विषय आजच्या सूचनेत नाही.'

सभेची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते. हा कायदा १९७५ चा. स्थानिक कायदा एका बैठकीत मांडून त्याच बैठकीत मंजूर होत नाही. आधी पहिलं वाचन, मग प्रसिद्धी, मग लोकांची सुनावणी आणि त्यानंतर दुसरं वाचन. मैदानवाली ताईंसारखं कुणी गॅलरीत बसलं असेल तर त्यांना उठून बोलता येतं, कारण गावाच्या कौन्सिलला प्रत्येक सभेत लोकांसाठी वेळ राखून ठेवणं बंधनकारक आहे. कागद मागितला तर साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं, आणि त्याला जबाबदार कायद्याने क्लार्कच.

इथे सगळं छान आहे असं नाही. २०२४ मध्ये इथल्या माहितीच्या कायद्यात बदल झाले, तेव्हा तो कमजोर होतोय म्हणून पत्रकारांनी आणि नागरिक संघटनांनी जोरदार विरोध केला होता. दुसरी बाजूही पाहिली आहे. एखादी कंपनी धंद्यासाठी हजारो पानं मागते आणि लहान गावातले दोन कर्मचारी तेच करत बसतात.

---

रोखठोक

उत्तरांबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे चौकशी केली, नगरसचिव प्रभारीच आहे, आणि बऱ्याच काळापासून. मूळ पद दुसऱ्याच खात्यात. कलमवाली ताई, अशा वेळी नागरिक काय करू शकतो?

---

कलमवाली

पद भरा अशी मागणी तुमच्या नगरसेवकाला सभेत मांडायला सांगा. ही नेमणूक सभेच्या हातात आहे, म्हणजे सभेला 'आयुक्त भरत नाहीत' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. लेखी प्रश्न टाकायला लावा: पद केव्हापासून रिक्त, भरतीचा प्रस्ताव कधी आला, कुठे अडला. लेखी प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात येतं आणि कायम राहतं.

आता मैदानवाली यांच्यासाठी. इतिवृत्त पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराच्या आधीपासून आहे. १९४९ च्या कायद्याच्या अनुसूची 'ड' मध्ये, सभांच्या कामकाजाच्या प्रकरणात, इतिवृत्ताचं पुस्तक नगरसेवकांना विनामूल्य आणि इतर कुणालाही किरकोळ शुल्क भरून पाहता येईल अशी तरतूद आहे. कार्यालयातल्या माणसाला हे माहीत नसेल तर कायद्याचं पुस्तक त्याच्याच कपाटात असतं, नम्रपणे काढायला सांगा.

दुसरी वाट सोमवारची. २०१८ च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिकांसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तिसरी वाट माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊ नका, नगरसचिव कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या, नाहीतर हस्तांतरणात दिवस जातील.

मजकूर साधा ठेवा: 'अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेतील विषय क्रमांक अमुक याबाबत दाखल झालेल्या सर्व उपसूचनांच्या मूळ कागदांच्या दोन्ही बाजूंच्या साक्षांकित प्रती, त्या विषयापुरते शब्दशः इतिवृत्त आणि ध्वनिमुद्रणाची प्रत मिळावी. मूळ कागदांचे अवलोकनही करायचे आहे.' 'का', 'कसे' असे प्रश्न अर्जात घालू नका. कागद मागा.

---

वेशीबाहेरचा

आमचं गाव लहान, नगरपरिषद आहे. आमच्याकडे नगरसचिव असं कुणी ऐकलं नाही. मग सभेचं कोण बघतं?

---

पालिका_बीट

नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा कायदा आहे. तिथे सभेचं काम मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयातून चालतं, सभा लिपिक किंवा सभा अधीक्षक प्रत्यक्ष लिहितो. म्हणजे महापालिकेत जी फारकत आहे ती तिथे नाही. ज्याने ठराव राबवायचा त्याच्याच कचेरीत तो लिहिला जातो. म्हणून लहान गावात इतिवृत्ताकडे जास्त डोळसपणे बघायला हवं. ठराव बेकायदा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. महापालिकेच्या बाबतीत हेच काम कलम ४५१ खाली राज्य सरकार करतं. ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग, म्हणजे सभेची नोंद, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) लिहितो, तो तर तुमच्या ओळखीचाच असेल.

---

वेशीबाहेरचा

ओळखीचा आहे आणि माणूस चांगला आहे. प्रोसिडिंग तिथल्या तिथे वाचून दाखवतो, मगच सह्या घेतो. नगरपरिषदेतही तसंच व्हावं असा आग्रह धरतो आता.

---

मैदानवाली

मंडळी, आज सोमवार साधून जाऊन आले. जुन्या वृत्तलेखक काकांनी सांगितल्याप्रमाणे नेमकं काय बघायचं ते लिहून नेलं होतं.

खिडकीतल्या मुलीने आधी 'अर्ज टाका, कळवू' असं सांगितलं. परिपत्रकाचा उल्लेख केल्यावर तिने आतून एका वयस्कर बाईंना बोलावलं. त्यांनी काही न बोलता खुर्ची दिली आणि कागद आणले. उपसूचनेचा कागद पाहिला. सूचक आणि अनुमोदक दोघांच्या सह्या आहेत. मजकूर टाइप केलेला, पण संस्थेचं नाव आणि मुदत पेनाने, वेगळ्या शाईत. वेळ कुठेही नाही. मग त्या विषयाचं शब्दशः इतिवृत्त पाहिलं, ते अजून कच्चं आहे. त्यात विषय पुकारला, दोन सभासद दुरुस्तीबद्दल बोलले, महापौरांनी 'मंजूर' म्हटलं. त्याखाली फक्त एक ओळ, 'उपसूचनेसह मंजूर'. उपसूचना वाचून दाखवल्याची नोंदच नाही. आम्ही ऐकलं नव्हतं ते बरोबरच होतं.

त्या बाईंनी जाताना एवढंच सांगितलं, 'मॅडम, हे अजून कायम व्हायचंय.' प्रतींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच दिला आणि पोच घेतली. आता पुढे काय करू?

---

कलमवाली

त्या बाईंनी तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सुरुवातीलाच 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' असा विषय असतो. बहुतेक ठिकाणी तो एका वाक्यात उरकतात. तिथे तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला उभं राहून दुरुस्ती सुचवता येते. इतिवृत्त कायम झाल्यावर तेच अंतिम धरलं जातं, मग फार कठीण होतं. म्हणून सभेआधी दोन पत्रं द्या. एक नगरसचिवांना, त्यात तुम्ही पाहिलेल्या नोंदी तशाच लिहा. दुसरं आयुक्तांना, की इतिवृत्ताबाबत हरकत असल्याने संस्थेशी करारनामा करू नये. दोन्हींवर पोच घ्या. करार झाला तर सभेत दुरुस्ती होऊनही उपयोग मर्यादित राहतो. कलम ४५१ चा अर्ज मी तयार करून देते, इथे तपशील नको, व्यक्तिगत निरोप पाठवा. पैसे घेणार नाही.

आणि कुणावरही खोटेपणाचा आरोप पत्रात करू नका. वेगळी शाई, वेळ नाही, वाचनाची नोंद नाही, एवढंच. ध्वनिमुद्रणाची मागणी मात्र पुन्हा लिहा, आणि ते जपून ठेवावं असं स्पष्ट म्हणा.

---

बेलापूर_ते_जर्सी

ताई, त्या वयस्कर बाईंना त्रास होईल असं काही बाहेर बोलू नका. त्यांनी नियमाप्रमाणे कागद दाखवले, यापलीकडे त्यांचा उल्लेख नको. अशा खिडकीमागे बसते म्हणून सांगते.

---

मैदानवाली

नक्कीच, काळजी घेईन. आमच्या प्रभागातल्या दोन नगरसेवकांशी बोलणं झालं. एकाने हात वर केले. दुसऱ्या बाई पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत, त्या म्हणाल्या, 'मी मांडते, पण नेमकं काय म्हणायचं ते मला लिहून द्या.' काका, तुम्ही लिहून द्याल का?

---

जुना_वृत्तलेखक

देतो. बाईंना सांगा, विषय पुकारताच, महापौर 'कायम' म्हणण्याआधी उभं राहायचं आणि नगरसचिवांकडे बघून नव्हे, महापौरांना उद्देशून बोलायचं.

'मा. महापौर, मागील सभेच्या इतिवृत्तातील विषय क्रमांक अमुक बाबत माझी हरकत आहे. सदर विषयावरील उपसूचना सभागृहात वाचून दाखविण्यात आलेली नाही. शब्दशः इतिवृत्तात तिच्या वाचनाची नोंद नाही. सबब "उपसूचनेसह" हा शब्द वगळून इतिवृत्त दुरुस्त करून कायम करावे, अशी मी सूचना मांडते.'

यावर एका सभासदाचं अनुमोदन लागेल, त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. हेच लेखी करून, दोघांच्या सह्या घेऊन, कागद मंचावर द्या. विरोध झाला तर मतविभागणी मागा, म्हणजे कोण कुठल्या बाजूने होतं ते नावानिशी नोंदलं जाईल. हरल्या तरी हरकत आणि नावं इतिवृत्तात राहतात, आणि कलमवाली ताईंच्या अर्जाला तीच जोडायची आहेत. कागद देताना त्याच्या कोपऱ्यात बाईंनी स्वतःच्या हाताने वेळ टाकावी, आणि दुसऱ्या प्रतीवर नगरसचिवांची पोच घ्यावी. सभेची तारीख कळली की इथे टाका, जवळपास असलो तर गॅलरीत येऊन बसेन.